टॉर्क रेंच ‘टक्’ वाजतो, तरी नट फिरतो : तपासणी कोठून सुरू करावी

विमानाच्या देखभालीत ज्या हत्याराबद्दल माझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी येतात ते म्हणजे टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत (फिरवण्याच्या जोरापर्यंत) आवळण्याचा पाना. त्यातही मूठ फिरवून आकडा लावायचा आणि ‘टक्’ वाजले की थांबायचे, असा क्लिक प्रकारचा रेंच. मुंबईतल्या एका हँगरमध्ये आधी विमानाखाली आणि नंतर टूल रूमच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षे गेली. ‘हा रेंच चुकीचा आहे, दुसरा द्या’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की आता रेंच हातात घेण्याआधी मी समोरच्याला चार प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा रेंच निर्दोष निघतो. मात्र तो खरोखर सदोष असला तर प्रकरण एका नटापुरते राहत नाही, म्हणून तपासणीचा क्रम पाळावा लागतो.

लक्षणे

तक्रार सहसा पाच रूपांत येते. पहिले रूप सर्वांत अस्वस्थ करणारे आहे: एकाने टॉर्क देऊन नटावर रंगाची रेघ ओढलेली असते, दुसरा माणूस तपासणीसाठी त्याच आकड्यावर दुसरा रेंच लावतो आणि टक् येण्याआधीच नट फिरून रेघ तुटते. दुसऱ्या प्रकारात टक् येतच नाही, मूठ जड होत जाते आणि बोल्ट आता तुटेल असे वाटू लागते. तिसऱ्यात कमी आकड्यावरचा टक् इतका पुसट असतो की शेजारी रिव्हेट गन चालू असेल तर तो कळतही नाही. चौथ्यात पाळीचा पहिला टक् उशिरा आणि जड येतो, पुढचे सगळे वेळेवर येतात. पाचव्या प्रकारात काम संपल्यावर पाहावे तर मुठीवरचा आकडा मूळ जागेवरून सरकलेला असतो.

ही लक्षणे समजण्यासाठी नळीच्या आत काय चालते हे डोळ्यांसमोर हवे. मूठ फिरवली की आतली स्प्रिंग दाबली जाते. ही स्प्रिंग एका छोट्या पोलादी ठोकळ्याला रेटते आणि तो ठोकळा रेंचच्या डोक्याकडून आत आलेल्या दांड्याच्या टोकाला टेकलेला असतो. नटाचा विरोध स्प्रिंगच्या जोराला भारी पडला की ठोकळा कलंडतो, दांड्याचे टोक सुटून नळीच्या भिंतीवर आपटते आणि तोच आपल्याला टक् म्हणून ऐकू येतो, हाताला जाणवतो. टक् हा केवळ इशारा आहे, तो रेंचला थांबवत नाही. त्यानंतर मूठ काही अंश मोकळी सरकते, आणि तरीही ओढत राहिले तर रेंच साध्या पान्यासारखा नट आवळत राहतो.

आधी वाचून घ्या

सर्वांत स्वस्त तपासणी डोळ्यांची असते आणि तिला अर्धा मिनिट लागतो. प्रथम कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकतेच्या पडताळणीचा, स्टिकर पाहावा. मुदत कालची संपली असली तरी रेंच परत जातो, त्यावर चर्चा होत नाही. टॉर्क रेंचसाठीच्या आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकात, वापरणाऱ्या संस्थेने स्वतःची मुदत ठरवलेली नसल्यास, १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरले जाते. एखाद्या मोठ्या तपासणीला लागलेल्या विमानावर एकच रेंच दिवसभर फिरत असेल तर ५,००० चा आकडा वर्षाच्या कितीतरी आधी गाठला जातो, हे स्टिकरवरच्या तारखेकडे पाहून कळत नाही.

दुसरी गोष्ट एकक. एके रात्री एक नवा मुलगा रेंच घेऊन काउंटरवर आला आणि म्हणाला, “सर, ह्याचा क्लिक मेलाय.” पाव इंची बोल्टाला मॅन्युअलने ५० ते ७० इंच-पाउंड सांगितले होते. रेंचची नळी दिव्याखाली धरून पाहिली तर एका बाजूला फूट-पाउंडाची आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन-मीटरची पट्टी होती. इंच-पाउंड कुठेच नव्हते. पोराने न्यूटन-मीटरच्या पट्टीवर ५० लावले होते. एक न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड, म्हणजे तो टक् ४४२ इंच-पाउंडाच्या आसपास येणार होता आणि तोपर्यंत तो बोल्ट शाबूत राहिला नसता. हाताला जड लागले म्हणून तो थांबला, हे त्याचे शहाणपण. तो बोल्ट आणि नट मात्र काढून टाकावे लागले, कारण किती ताण बसला हे कोणालाच सांगता येत नव्हते. बोईंगच्या विमानावर इंच-पाउंड आणि फूट-पाउंड दोन्ही भेटतात आणि त्यांत बारा पटींचा फरक आहे. एअरबसच्या मॅन्युअलमध्ये मीटर-डेकान्यूटनही असते आणि ते एक म्हणजे १० न्यूटन-मीटर. एकाच पाळीत दोन्ही विमाने हाताळणाऱ्याने आकडा कागदावर लिहून, एककासह मोठ्याने वाचून मगच मूठ फिरवावी.

तिसरे म्हणजे रेंचची कक्षा. क्लिक रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांखाली वापरू नये. १५० इंच-पाउंडाच्या रेंचवर ३० च्या खालचे काम करू नये, त्यासाठी छोटा रेंच मागून घ्यावा. खालच्या टोकाला स्प्रिंग जेमतेम दाबलेली असते आणि पुसट टक् ची तिसऱ्या क्रमांकाची तक्रार बहुधा इथेच निकाली निघते.

मूठ, कुलूप आणि पहिले चार-पाच टक्

आकडा नेहमी खालून वर जाऊन लावावा. हवा तो आकडा ओलांडला गेला तर थोडे मागे जाऊन पुन्हा वर यावे, कारण आतल्या स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते आणि ती दर वेळी एकाच बाजूला काढलेली बरी. मग कुलूपाची कडी ओढून मूठ हलते का ते पाहावे. लावल्यावरही मूठ फिरत असेल तर पाचवे लक्षण सापडले. हा दोष आपण दुरुस्त करायचा नसतो, रेंच बाजूला ठेवायचा असतो.

चौथ्या लक्षणावर उपाय आणखी सोपा आहे. रात्रभर पडून राहिलेल्या रेंचमध्ये ठोकळ्याच्या पृष्ठभागावरचे ग्रीस घट्ट होते किंवा बाजूला सरकते, त्यामुळे पहिला टक् जास्त जोर मागतो. काम सुरू करण्यापूर्वी टूल रूमच्या टेस्टरवर किंवा वाइसमध्ये पकडलेल्या जाड बोल्टावर वरच्या आकड्याला चार-पाच वेळा टक् करून घ्यावा आणि मग विमानाकडे जावे. हे न करणाऱ्याचा पाळीतला पहिला नट नेहमी इतरांपेक्षा जास्त आवळला जातो, आणि तो पहिला नट कोणता होता हे दुपारी कोणाला आठवत नाही.

हात

इथे अनुभवी माणसेही चुकतात. मुठीवर मधोमध एक रेघ किंवा खोबण असते आणि हाताची पकड तिथेच असावी लागते. ठोकळा ज्या दांड्यामुळे कलंडतो, त्याची खीळ नटाच्या केंद्रावर नसून डोक्यापासून थोडी मागे असते. हात मुठीवरून पुढे सरकला की टक् येईपर्यंत नटावर जास्त टॉर्क बसलेला असतो. मुठीवर नळी चढवून हात मागे नेला की टक् येतो तेव्हा टॉर्क कमी भरलेला असतो. म्हणजे ‘नळी लावली की जास्त आवळले जाते’ ही हँगरमधली समजूत क्लिक रेंचच्या बाबतीत उलटी आहे. अडचणीच्या जागी एका हाताने डोके दाबून धरण्याची सवयही सोडावी. डोक्याला आधार द्यावा, पण जोर फक्त मुठीवर यावा आणि तो रेंचच्या दांडीला काटकोनात असावा.

ओढण्याचा वेगही पाहावा. सावकाश, एकसारखे ओढावे आणि टक् जाणवताच थांबावे. झटका देऊन ओढणाऱ्याच्या हाताला टक् कळेपर्यंत मोकळी जागा संपून नट पुढे गेलेला असतो. खात्रीसाठी दोन-तीन वेळा टक् करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि मला त्यांचा हेतू समजतो. तरी प्रत्येक जास्तीचा टक् थोडा जास्तीचा ताण देऊ शकतो, तेव्हा एकदाच करावे आणि लगेच रेघ ओढावी.

जोडलेले तुकडे

सॉकेटच्या रेषेत सरळ वर उभा राहणारा एक्स्टेंशन बार आकड्यात फरक पाडत नाही. रेंचची लांबी वाढवणारा क्रो-फूट (ड्राइव्हवर बसणारे उघड्या तोंडाचे पान्याचे डोके) किंवा तत्सम अडॅप्टर मात्र पाडतो. हिशोब असा की, लावायचा आकडा म्हणजे हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक अडॅप्टरची लांबी. रेंचची लांबी चौकोनी ड्राइव्हच्या केंद्रापासून मुठीवरच्या त्या रेघेपर्यंत मोजायची, एकूण हत्याराची नव्हे. समजा रेंच १२ इंच, अडॅप्टर सरळ पुढे २ इंच आणि नटाला १०० इंच-पाउंड हवे आहेत. तर १२०० भागिले १४, म्हणजे साधारण ८६ लावायचे. तसेच १०० लावून ओढले तर नटावर ११६ च्या वर जातात आणि रेंचवर कोणताही दोष दिसत नाही. अडॅप्टर रेंचला काटकोनात बसवता आला तर लांबी वाढत नाही आणि हिशोबाची गरज उरत नाही, म्हणून जागा असेल तिथे मी तोच मार्ग सुचवतो. ओठ झिजलेला क्रो-फूट किंवा कोपरे गोल झालेले सॉकेट नटावर किंचित सरकते आणि त्या सरकण्याला टक् समजले जाते. असा तुकडा वेगळा काढून त्यावर टॅग लावावा.

आता बोल्टाकडे पाहा

एवढे करूनही दोन रेंचमध्ये मतभेद राहिला तरी रेंचला दोष देण्याआधी एक थांबा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. टॉर्क म्हणजे बोल्टात बसलेला ताण नव्हे. सर्वसाधारण अंदाज असा धरला जातो की दिलेल्या टॉर्कपैकी निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. जोड घट्ट धरणारा ताण उरलेल्या दहा टक्क्यांतून येतो. आट्यांवर तेलाचा हलका थर आला तरी घर्षण घटते आणि तोच आकडा बोल्टाला कितीतरी जास्त ताणतो. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शकातला सर्वपरिचित तक्ता कोरड्या, तेल नसलेल्या आट्यांसाठी आहे; ताण घेणाऱ्या नटासाठी पाव इंच, इंचाला २८ आट्यांच्या बोल्टाला ५० ते ७० आणि बारीक आट्यांच्या ३/८ इंचाला १६० ते १९० इंच-पाउंड हे त्यातले आकडे. विमानाच्या स्वतःच्या मॅन्युअलने वंगण लावून आवळायला सांगितले असेल तर त्याच मॅन्युअलचा आकडा घ्यावा. एकातली कृती आणि दुसऱ्यातला आकडा असे मिश्रण कधीही करू नये.

स्वतःच घट्ट बसणाऱ्या नटांचा वेगळा हिशोब आहे. असा नट वॉशरला टेकण्याआधीच फिरायला विरोध करतो आणि हा विरोध मोजून अंतिम आकड्यात मिळवावा लागतो. मोजण्यासाठी काट्याचा किंवा डायलचा रेंच लागतो, कारण क्लिक रेंच फक्त एक उंबरठा सांगतो, चालू आकडा दाखवत नाही. पाव इंची नट १२ इंच-पाउंडाला फिरत असेल आणि तक्ता ५० पासून सुरू होत असेल तर लावायचा आकडा ६२ पासून सुरू होतो. हा हिशोब एकाने केला आणि तपासणाऱ्याने केला नाही, की ‘रेंच जुळत नाहीत’ अशी तक्रार तयार होते. याच आकाराच्या नटाचा विरोध ३.५ इंच-पाउंडापेक्षा कमी भरला तर तो नट पुन्हा वापरायचा नसतो. काही मॅन्युअलमध्ये हा विरोध आधीच धरलेला असतो, तेव्हा टीप वाचल्याशिवाय बेरीज करू नये. शक्य तिथे टॉर्क नटाच्या बाजूने द्यावा. नाइलाजाने बोल्टाच्या डोक्याकडून द्यावा लागला तर छिद्रात फिरणाऱ्या दांड्याचे घर्षणही मोजावे लागते.

बोल्ट योग्य क्रमांकाचा आहे का, हे रेंचला कळत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, तो वाचला आणि विमान साउदॅम्प्टनला उतरले. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी बदललेल्या त्या काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे निघाले. ते बसवताना टॉर्क मर्यादित करणारा स्क्रूड्रायव्हर वापरलेला होता.

टेस्टरवर तुलना

इथपर्यंत कारण सापडले नाही तर रेंच टूल रूमच्या टॉर्क टेस्टरवर लावावा. आधी कमाल आकड्यावर पाच वेळा टक्, मग कमालच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर प्रत्येकी पाच वाचने, सावकाश ओढून. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचसाठी अधिक-उणे ४ टक्के आणि त्याखालच्यांसाठी अधिक-उणे ६ टक्के ही आयएसओची मर्यादा आहे. वाचने मर्यादेत आणि एकमेकांजवळ असली तर रेंच निर्दोष समजून पुन्हा हात आणि बोल्ट यांकडे वळावे. सगळी वाचने एकाच बाजूला सरकलेली दिसली तर स्प्रिंग बसली, म्हणजे सैल पडली, असण्याची शक्यता आहे. ती एकमेकांत विखुरलेली असली तर ठोकळा झिजला आहे किंवा आत घाण गेली आहे, आणि हे मी जास्त गंभीर मानतो, कारण असा रेंच एका नटाला बरोबर आणि पुढच्याला चूक सांगतो. हा टेस्टर शंका खरी की खोटी एवढेच ठरवतो. त्याच्या आधारे रेंचवर नवा स्टिकर लावता येत नाही.

सांभाळ

यातल्या निम्म्या तक्रारी कपाटात टाळता येतात. पाळी संपली की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणावी, म्हणजे स्प्रिंग रात्रभर दबलेली राहत नाही. पण त्या आकड्याच्या खाली मोकळी सोडू नये, कारण मग आतले भाग जागेवरून हलू शकतात. घट्ट नट सोडवायला टॉर्क रेंच वापरू नये, कारण त्या वेळी किती जोर लागला हे कोणालाच माहीत नसते. रेंच सॉल्व्हंटच्या ट्रेमध्ये बुडवण्याची सवय फार वाईट आहे. बाहेरची घाण जाते आणि तिच्याबरोबर आतले ग्रीसही धुतले जाते. कोरड्या फडक्याने पुसावे आणि फटीत तेलाचा फवारा मारू नये. मुंबईच्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचे दाणे रंग बदलले की ती बदलावी. आमच्याकडे जुलैमध्ये डबी उघडली की फोमचा ओलसर वास येतो. त्या वासाकडे दुर्लक्ष केले तर महिन्याभरात रॅचेटच्या खाचेत तांबूस गंजाचा ठिपका दिसतो.

कुठे थांबायचे

रेंच खाली पडला असेल तर तिथेच थांबावे. किती उंचीवरून पडला, रबराच्या चटईवर की काँक्रीटवर, यावर वाद घालू नये. लाल टॅग लावून कॅलिब्रेशनला पाठवावा. मुठीच्या टोकाचे सील तुटलेले असेल, नळीला पोचा आला असेल, कुलूप धरत नसेल, टेस्टरवर वाचने मर्यादेबाहेर किंवा विखुरलेली येत असतील, तरीही हाच नियम. रेंच स्वतः उघडू नये. आतली स्प्रिंग दाबाखाली असते, आणि उघडलेला रेंच नीट जुळवला तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा कॅलिब्रेट होईपर्यंत तो विमानाला लावता येत नाही. सीएआर-१४५ या विमान देखभाल संस्थांच्या भारतीय नियमाच्या मान्यतेखाली चालणाऱ्या हँगरला त्याचा पुरावा दाखवावा लागतो. भारतात हे काम एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावे.

बोल्टाच्या बाबतीतही थांबण्याची जागा ठरलेली आहे. जास्त टॉर्क बसल्याची शंका असेल तर ‘थोडे सोडून पुन्हा आवळू’ असे करू नये. ताणला गेलेला बोल्ट सोडल्यावर पूर्ववत होईलच असे नाही. परवानाधारक इंजिनिअरला बोलवावे आणि बोल्ट बदलायचा की तपासायचा हे त्याने मॅन्युअल पाहून ठरवावे. इंजिनाच्या आतले, कंट्रोल सरफेसचे किंवा लँडिंग गिअरचे जोड असतील तर त्याची वाट न पाहता हातही लावू नये.

प्रयोगशाळेला रेंच पाठवताना एक सूचना लेखी द्यावी: जुळवणी करण्याआधी तो ज्या स्थितीत आला त्याच स्थितीतली वाचने नोंदवून द्या. रेंच थेट दुरुस्त होऊन परत आला तर तो किती चुकत होता हे कधीच कळत नाही. ती वाचने मर्यादेबाहेर निघाली की टूल रूमचे इश्यू रजिस्टर उघडायचे, मागच्या कॅलिब्रेशनपासून हा रेंच कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या विमानावर नेला ते शोधायचे आणि ती यादी क्वालिटी विभागाकडे द्यायची. म्हणूनच मी काउंटरवर रेंच देताना रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात व्हीटीने सुरू होणारा विमानाचा पूर्ण नोंदणी क्रमांक लिहून घेतो, आणि तो आठवत नसेल तर माणसाला पुन्हा विमानापर्यंत जाऊन वाचून यायला लावतो.